कमी खर्चात अंदमान: विदर्भातल्या गावातून निघताना आधी काय, मग काय

तालुक्याच्या गावात माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, दाखले, आणि अधूनमधून रेल्वे-विमानाची तिकिटं. दिवाळी झाली की दोन-चार घरं तरी अंदमानचा बेत घेऊन येतात आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं, "भाऊ, रेल्वेचं तिकीट तं काढलं, आता इमानाचं पाहून द्या." घोडं इथंच पेंड खातं. रेल्वेचं तिकीट स्वस्त असतं आणि रद्द केलं तरी थोडेच पैसे जातात. विमानाचं महाग, तारखेला घट्ट बांधलेलं, आणि भाव दर दिवशी वेगळा. स्वस्त गोष्टीच्या तारखा महाग गोष्टीवर लादल्या की नवरा-बायकोच्या सहलीत आठ-दहा हजार सहज जास्तीचे जातात.

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. काय पाहावं ते तिथं गेल्यावर कोणीही सांगेल.

लक्षद्वीपचं विचारणारेही असतात. तिथं भारतीय नागरिकालाही आधी प्रवेश परवाना काढावा लागतो, शिवाय आपल्याला बहुधा आधी कोची गाठावं लागतं. पहिल्यांदा बेटावर जाणाऱ्यांनी अंदमानच धरावं. तिथल्या नेहमीच्या पर्यटन बेटांसाठी आपल्याला वेगळा परवाना लागत नाही, ओळखपत्र पुरतं.

१. दिवस ठरवा, पण शेताकडे पाहून

अंदमानात मे ते सप्टेंबर पाऊस असतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं उठतात. डिसेंबरचा शेवटचा आणि जानेवारीचा पहिला आठवडा हवामानाला चांगला, पण विमानाचे भाव डोळे पांढरे करणारे. उरतात जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्च.

आपल्याकडे तूर निघालेली असते, कापसाची शेवटची वेचणी आटोपत आलेली असते, गहू-हरभरा काढायला अवकाश असतो. २६ जानेवारीची गर्दी ओसरल्यावर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा मला सगळ्यांत सोयीचा वाटतो. समुद्र बऱ्यापैकी शांत आणि शाळांना सुट्टी नसल्याने भाव खाली. मुलं दहावी-बारावीला असतील तर अर्थातच पुढच्या वर्षी.

एक अडचण मात्र घरूनच सुटली पाहिजे. त्याच दिवसांत हरभरा घाट्यावर असतो आणि रोही (नीलगाई), रानडुकरं रात्री वावरात उतरतात. नऊ-दहा रात्रींची जागल कोण करणार, गुरांना चारा-पाणी कोण करणार, हे तिकिटाआधी ठरवा. माझ्याकडून तिकीट काढलेल्या एका काकाजींनी निघायच्या चार दिवस आधी बेत मोडला, कारण जागलीला हो म्हटलेला माणूस लग्नाला निघून गेला. विमानाच्या पैशांतले जेमतेम काहीशे रुपये परत आले.

*तपासा:* जागलीला एक नाही, दोन माणसांचा होकार घ्या. मजुरी खर्चात धरा.

२. नावं आणि कागद: पैसे भरण्याच्या आधी

विमानाच्या तिकिटावर आधारवर आहे तेच नाव हवं. आपल्या भागात यात तीन घोळ होतात.

पहिला बायकांच्या नावाचा. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, आणि तिकीट काढताना नवरा सवयीने सासरचं सांगतो. दुसरा वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाचा; नाव, मधलं नाव, आडनाव यांचा क्रम आधारवर उलटा असतो. तिसरा लहान मुलांचा. घरातलं हाकेचं नाव तिकिटावर येतं आणि आधारवर बारशाचं असतं. एखाद्या अक्षराची चूक विमान कंपन्या सहसा दुरुस्त करून देतात. अख्खं नाव बदलायचं म्हटलं की नवीन तिकीटच घ्यावं लागतं.

म्हणून सगळ्यांचे मूळ आधार समोर मांडून, कार्डावर बोट ठेवून नाव भरा. तोंडी सांगू नका. "भाऊ, तुम्हाले तं मालूम आहे न नाव" असं म्हणणाऱ्यालाही मी कार्ड आणायला परत पाठवतो.

बेटांची नावंही बदललेली आहेत. २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं, २०२४ मध्ये विमान जिथं उतरतं त्या पोर्ट ब्लेअर शहराचं श्री विजय पुरम. तिकिटावर कुठे जुनं, कुठे नवं नाव दिसेल. ठिकाण तेच आहे.

३. तारखा कागदावर मांडा

मोबाइल बाजूला ठेवा आणि वहीत नऊ ओळी लिहा. विमानाची तारीख ५ फेब्रुवारी धरली तर चित्र असं दिसतं:

- ३ फेब्रुवारी: नागपूर, सेवाग्राम, चंद्रपूर किंवा बल्लारशाहून चेन्नईची गाडी
- ४ फेब्रुवारी: चेन्नईत उतरणं, मुक्काम
- ५ फेब्रुवारी: सकाळचं विमान, पोर्ट ब्लेअर
- ६ आणि ७ फेब्रुवारी: हॅवलॉक
- ८ फेब्रुवारी: हॅवलॉकहून थेट नील
- ९ फेब्रुवारी: नीलहून परत पोर्ट ब्लेअर
- १० फेब्रुवारी: मोकळा दिवस, पोर्ट ब्लेअरमध्येच
- ११ फेब्रुवारी: सकाळच्या विमानाने चेन्नई, रात्रीची गाडी
- १२ फेब्रुवारी: घर

यातल्या दोन तारखांना हात लावायचा नाही, ४ आणि १०. लोक नेमक्या त्याच कापतात, कारण तिथं काही "पाहायला" नसतं.

४ तारखेचं महत्त्व मी स्वतःच्या खिशातून शिकलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडी पहाटे पोहोचणार आणि विमान सकाळी साडेदहाचं, असा चोख हिशेब केला होता. गाडी पाच तास उशिरा आली. विजयवाड्याच्या पुढे कुठल्याशा सिग्नलला थांबलेल्या डब्यात बसून मी घड्याळाकडे पाहत होतो आणि बायको माझ्याकडे. देशांतर्गत विमानाचा सामान घेण्याचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. आम्ही विमानतळावर पोहोचलो तेव्हा विमान उडूनही गेलं होतं. त्या दिवशी नवीन घेतलेल्या दोन तिकिटांच्या पैशांत चेन्नईत आठवडाभर लॉजवर राहता आलं असतं.

१० तारीख बोटीसाठी राखायची. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि त्याची भरपाई विमानवाला देत नाही. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री तुम्ही पोर्ट ब्लेअरमध्येच असलं पाहिजे, हॅवलॉकला किंवा नीलला नाही.

*सावध:* चेन्नईहून जहाजाने जायचा मोह होतो, कारण भाडं कमी. पण प्रवास अडीच-तीन दिवसांचा, खेपा मोजक्या, तारखाही हलतात. ज्याच्या मागे गुरंढोरं आहेत त्याच्यासाठी हा मार्ग स्वस्त नाही.

४. तिकिटं याच क्रमाने

*पहिलं, विमान, जाणं-येणं दोन्ही.* प्रवासाच्या अडीच-तीन महिने आधी. तारीख एक-दोन दिवस मागेपुढे करून भाव पाहा. मंगळवार-बुधवार बहुधा शनिवार-रविवारपेक्षा उतरते असतात. विमान सकाळचंच घ्या. पैसे भरताना "सीट निवडा", "जेवण घ्या", "विमा घ्या" असे पडदे येतात. पैसे न देता पुढे जाता येतं, सीट तरीही मिळते.

*दुसरं, बेटांमधल्या बोटी.* पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खासगी बोट दीड-दोन तास घेते, सरकारी साधारण अडीच. सरकारी बरीच स्वस्त. पण तिची तिकिटं थोडेच दिवस आधी मिळतात आणि तिथल्या रहिवाशांना आधी जागा असते. ते रास्तच आहे, त्यांची ती एसटी आहे. माझा सल्ला असा: जाताना खासगी बोट घरूनच पक्की करा. नीलहून परत येताना सरकारी बोटीचा प्रयत्न करा, पुढचा दिवस मोकळा आहेच.

*तिसरं, रेल्वे.* आरक्षण आता ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडतं. यात एक बारीक गोष्ट आहे. हे ६० दिवस गाडी जिथून निघते तिथल्या तारखेवरून मोजतात. दिल्लीहून २ फेब्रुवारीला निघालेली गाडी आपल्याकडे ३ तारखेला येते, तेव्हा तिचं आरक्षण ५ डिसेंबरला नाही, ४ डिसेंबरलाच उघडतं. परतीची गाडी चेन्नईहूनच सुटते, म्हणून ११ फेब्रुवारीसाठी १३ डिसेंबर. या दोन तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा.

चेन्नईतलं स्टेशन तिकिटावर वाचा. सेंट्रल, एग्मोर आणि तांबरम ही तीन वेगळी ठिकाणं आहेत. सेंट्रलहून विमानतळापर्यंत मेट्रो जाते. आणखी स्वस्त हवं तर सेंट्रलसमोर रस्ता ओलांडून पार्क स्टेशन आहे. तिथून तांबरमकडची लोकल धरून तिरुसूलमला उतरा. विमानतळ समोरच. पहाटेचं विमान असेल तर मुक्कामही तिरुसूलमच्या आसपासच करा.

*सावध:* ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं, त्यावर स्लीपरमध्ये चढता येत नाही. "तत्काळ मिळूनच जाईल" या भरवशावर राहू नका. तत्काळ स्लीपरचं, गाडी मूळ स्टेशनहून निघते त्याच्या आदल्या दिवशी सकाळी ११ वाजता उघडतं, आणि त्यासाठी आता आधारशी जोडलेलं खातं लागतं.

५. पैशांचा हिशेब

नवरा-बायको दोघांसाठी मी असे आकडे धरतो. हे हिशेबापुरते आहेत, तुमच्या दिवशीचे भाव तुम्ही टाका.

- रेल्वे स्लीपर, चार तिकिटं: २,४००
- विमान, चार तिकिटं, प्रत्येकी ६,०००: २४,०००
- बोटी, तीन टप्पे: ९,०००
- बेटांवर सहा रात्री, १,५०० प्रमाणे: ९,०००
- चेन्नईत एक रात्र: १,२००
- जेवण: ८,०००
- स्थानिक फिरणं, प्रवेश शुल्क: ५,०००
- हात न लावायचे: ६,०००

एकूण ६४,६००. यात विमानाचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा आहे, म्हणजे काटकसर करायची जागा तीच. तिथं जाऊन चहा कमी पिण्यात अर्थ नाही. जागलीची मजुरी यात धरलेली नाही, ती वेगळी.

शेवटचे ६,००० वेगळ्या पाकिटात, रोख. लहान बेटांवर एटीएम थोडी आहेत आणि नेट गेलं की मोबाइलवरून पैसे देणंही थांबतं.

पीककर्जाच्या पैशातून सहल काढू नका. आगाऊपणा वाटेल, पण माझ्या दुकानात दोन्ही कागद एकाच टेबलावर येतात म्हणून बोलतो.

६. खोली आणि पॅकेज

पोर्ट ब्लेअरला अबर्डीन बाजाराजवळ राहा. सेल्युलर जेल आणि रॉस बेटाच्या बोटीचा धक्का तिथून जवळ, साधी थाळीही मिळते. जेलमधल्या प्रकाश-ध्वनी कार्यक्रमाचं तिकीट आधीच काढून ठेवा, संध्याकाळी दारात जाऊन बरेच जण परततात. हॅवलॉकला धक्क्यापासून राधानगर किनारा साधारण १२ किलोमीटर आहे आणि तिथं सरकारी बस जाते. वेळ विचारून ठेवली की रिक्षाचे पैसे वाचतात. स्कूटर भाड्याने घ्यायची असेल तर मूळ लायसन्स लागतं. नीलला सायकल पुरते.

पॅकेज घेणाऱ्यांनी एजंटला एवढं लेखी विचारावं: बोट कोणती आणि तिकीट कोणाच्या नावावर? भाव माणशी की जोडप्याचा? किती रात्री आणि कोणत्या बेटावर? जेवण कोणत्या वेळचं? विमान धरलंय का? "सगळं आलं त्यात" हे उत्तर नाही. आगाऊ पैसे मागणाऱ्याकडून आधी हॉटेलचं नाव घ्या आणि हॉटेलला स्वतः फोन लावून खोली बुक आहे का ते विचारा.

७. पिशव्या भरताना

सोबत नेता येणारं सामान बहुतेक कंपन्यांत हातात ७ किलो, विमानाच्या पोटात १५ किलो. घरच्या वजनकाट्यावर तोलूनच निघा.

रेल्वेसाठी दशम्या, तिखट पुऱ्या, जवसाची चटणी घ्या, दोन्ही वेळचं जेवण निघतं. पण विमानाच्या आधी पिशवी पुन्हा लावायची असते, आणि इथं आपले लोक अडकतात. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत नको. विळी, अडकित्ता, सुरी हातातल्या पिशवीत चालत नाही. पॉवर बँक उलट, ती हातातल्याच पिशवीत हवी, मोठ्या बॅगेत चालत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवा. त्यातलं तेल पेट घेऊ शकतं म्हणून त्या विमानाला चालत नाहीत. आमच्या गावच्या एका मायने देवीच्या ओटीसाठी बांधून घेतलेलं खोबरं तपासणीत काढून ठेवावं लागलं. तिला जेवढं वाईट वाटलं तेवढं विमान चुकलं असतं तरी वाटलं नसतं.

*तपासा:* मूळ आधार, तिकिटांच्या छापील प्रती, रोजच्या गोळ्या, रबरी पट्ट्याची चप्पल, पाण्याची स्वतःची बाटली. विमानाचं वेब चेक-इन आदल्या दिवशी उरकलेलं.

८. तिथं पोहोचल्यावर: उजेड, बोट, पाणी

अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला आहे, पण घड्याळ एकच. त्यामुळे हिवाळ्यात सहा वाजायच्या आत अंधार पडतो. "चार वाजता निघू, निवांत पाहू" असं म्हणणारे अर्धं ठिकाण अंधारात पाहतात. पहाटे पाचला उठणाऱ्या माणसाला मात्र हे बेट शेतासारखंच सोयीचं.

बोटीत बसण्याआधी पोट तडस लागेपर्यंत भरू नका. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून घरूनच घ्या आणि निघण्याच्या अर्धा-एक तास आधी खा. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. खालच्या मजल्यावर, मधोमध बसा.

भरती-ओहोटी आपल्याला ठाऊक नसते, आणि निम्मं बेट तिच्यावर चालतं. दिवसातून दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं, आणि वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. नीलचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच नीट पाहता येतो. भरतीला गेलात तर लांबून पाहून परत. आपल्याला यात एक सोय आहे, तिथी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, अष्टमीच्या आसपास हालचाल कमी. कॅलेंडरवर तिथी पाहा, आणि नेमकी वेळ मुक्कामाच्या घरमालकाला आदल्या रात्री विचारा.

*सावध:* विहिरीत सूर मारणारा गडी समुद्रात पोहणारा असतोच असं नाही. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही, समुद्राचं माणसाला ओढून नेतं. लाल झेंडा असेल तिथं घोट्याएवढ्या पाण्यातही नको. खाऱ्या पाण्यातल्या मगरी काही किनाऱ्यांवर खरंच आहेत, पाटी लावलेली असते, ती वाचा. प्रवाळावर अनवाणी चाललं तर तळपाय कापतात.

स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणं) करायचं असेल तर हॅवलॉकला पहिल्या दोन दिवसांत. पाण्याखाली गेल्यावर पुढचे निदान १८ ते २४ तास विमानात बसू नये. दमा, रक्तदाब असेल तर फॉर्मवर खरं लिहा.

बारातांग बेटाचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून, ठरलेल्या वेळच्या ताफ्यानेच जातो. वाटेत गाडी थांबवणं, फोटो काढणं, खाऊ देणं गुन्हा आहे. अख्खा दिवस आणि गाडीचं भाडं जातं; तंग हिशेबात मी हे सोडून देतो.

९. परतीच्या आदल्या रात्री

बॅगा रिकाम्या करून पुन्हा भरा. किनाऱ्यावरून मुलांनी खिशात टाकलेले शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे बाहेर काढा. बरेचसे वन्यजीव कायद्याखाली येतात आणि विमानतळावरच्या तपासणीत सापडतात. दुकानातून घेतला असेल तर पावती हातात ठेवा.

चेन्नईला उतरल्यावर रात्रीच्या गाडीपर्यंत बरेच तास असतात. सामान स्टेशनच्या क्लोक रूममध्ये टाका. बॅगेला कुलूप लागतं, ते घरूनच आणा. गाडीत बसल्यावर जागलीवाल्याला फोन करा, आणि उतरायच्या स्टेशनवरून गावची शेवटची एसटी किती वाजता आहे ते विचारून घ्या. गाडीला उशीर झाला तर ती रात्र स्टेशनवरच काढावी लागते, आणि सहा-सात दिवस समुद्रावर राहून आलेल्या माणसाला फेब्रुवारीतली आपल्याकडची थंडी फार लागते. एक शाल वरच्याच पिशवीत ठेवा.